विजेतेपदाचा हंगाम आणि त्यामागचे गणित

शालेय फुटबॉल : केडगावपासून दिल्लीपर्यंतची शिडी किती पायऱ्यांची, आणि ती चढायला किती दिवस मिळतात?

प्रतिनिधी, अहिल्यानगर

जूनच्या मध्यास शाळा उघडतात. नव्या वह्यांना कव्हरे घालून होतात न होतात तोच क्रीडाशिक्षकांच्या टेबलावर स्पर्धांच्या प्रवेशिका येऊन पडतात. मैदानावर चिखल, गणवेश अजून शिंप्याकडे आणि संघातील निम्मी मुले दहावीच्या शिकवणीत, अशा अवस्थेत शालेय फुटबॉलचा हंगाम सुरू होतो. नगर-पुणे रस्त्यावरील केडगावसारख्या उपनगरातील शाळा असो की मुंबईतील जुनी नामांकित शाळा, नियम सर्वांना सारखेच. तरीही एखाद्या शाळेच्या फलकावर 'विजेता संघ' असे शब्द झळकतात, तेव्हा त्या दोन शब्दांमागे नेमके काय असते, याची कल्पना पालकांना तर नसतेच, पण अनेकदा खेळाडूंनाही नसते. विजेतेपद कोणत्या पायरीवरचे, किती सामने जिंकून मिळालेले आणि त्यातून पुढे काय पदरात पडते, हे समजून घेतल्याशिवाय त्या यशाचे मोल ठरवता येत नाही.

दोन शिड्या, दोन नियम

महाराष्ट्रातील शालेय फुटबॉलपटूसमोर प्रामुख्याने दोन शिड्या असतात. पहिली, राज्याच्या क्रीडा व युवक सेवा संचालनालयामार्फत घेतल्या जाणाऱ्या शालेय क्रीडा स्पर्धांची. तिचे शेवटचे टोक म्हणजे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय शालेय खेळ महासंघाची राष्ट्रीय स्पर्धा. येथे १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे वयोगट असतात. दुसरी शिडी सुब्रतो चषकाची. तिच्यात १५ वर्षांखालील मुले, १७ वर्षांखालील मुले आणि १७ वर्षांखालील मुली असे तीन गट आहेत.

पायऱ्या जवळपास सारख्याच आहेत. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि अखेरीस राष्ट्रीय स्तर. महापालिका क्षेत्रातील शाळांसाठी तालुक्याची पायरी नसते, कारण महापालिका हाच स्वतंत्र घटक मानला जातो. अहिल्यानगर शहराची नगरपालिका २००३ मध्ये महापालिका झाली. केडगाव या महापालिकेच्या हद्दीत येत असल्याने येथील शाळेची पहिली झुंज शहरातील शाळांशीच होते. (दौंड तालुक्यातील, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमुळे प्रसिद्ध असलेले केडगाव वेगळे. ते पुणे जिल्ह्यात येते.) शहरात जिंकलेला संघ पुणे विभागात जातो. या विभागात पुणे, अहिल्यानगर आणि सोलापूर हे तीन जिल्हे आणि त्यांतील महापालिकांचे संघ असतात. राज्यात असे आठ क्रीडा विभाग आहेत. मुंबई, पुणे, कोल्हापूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, लातूर, अमरावती आणि नागपूर.

या दोन शिड्यांत एक महत्त्वाचा फरक आहे आणि तो सहसा लक्षात घेतला जात नाही. शालेय महासंघाच्या राष्ट्रीय स्पर्धेत शाळा खेळत नाही, राज्य खेळते. राज्यस्तरावर खेळलेल्या मुलांमधून निवड होऊन महाराष्ट्राचा संघ तयार होतो. त्यामुळे विजेत्या शाळेतील सर्व मुले पुढे जातीलच असे नाही आणि पराभूत संघातील गुणी मुलाचा मार्ग बंद होतोच असेही नाही. सुब्रतो चषकात मात्र राज्य जिंकणारी शाळाच राष्ट्रीय फेरीत उतरते. शाळेचे नाव, शाळेचा गणवेश आणि ज्यांनी पावसात एकत्र सराव केला तीच मुले. म्हणूनच 'शाळेचा विजेतेपदाचा हंगाम' हा शब्दप्रयोग खऱ्या अर्थाने सुब्रतो चषकालाच अधिक लागू पडतो.

हवाई दलाने लावलेले रोप

ही स्पर्धा १९६० मध्ये सुरू झाली. भारतीय हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी यांचे नाव तिला दिलेले आहे. मुखर्जी यांचे त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये टोकियो येथे निधन झाले. फुटबॉलपटू घडवायचे तर ते शाळेतच घडवावे लागतील, ही या स्पर्धेमागची भूमिका. आजही स्पर्धेची सूत्रे हवाई दलाशी संबंधित असलेल्या सुब्रतो मुखर्जी क्रीडा शिक्षण संस्थेकडे आहेत. दिल्लीतील आंबेडकर स्टेडियम ही अनेक वर्षे या स्पर्धेची ओळख राहिली. अलीकडच्या काळात काही गटांचे सामने बेंगळुरूतही झाले. मुलींचा गट मात्र २०१२ पर्यंत नव्हता, म्हणजे मुलींना तब्बल अर्धशतक वाट पाहावी लागली. करोनामुळे २०२० आणि २०२१ मध्ये स्पर्धा झाली नाही. त्या दोन वर्षांत वयाची मर्यादा ओलांडलेल्या मुलांना ती संधी पुन्हा मिळण्याचा प्रश्नच नव्हता. शालेय खेळाचे हेच वैशिष्ट्य आहे. येथे 'पुढच्या वर्षी बघू' म्हणण्याची सोय फार थोड्यांना असते.

बाद फेरीचे निर्दय गणित

या स्पर्धांच्या खालच्या पायऱ्यांवरील सामने बहुधा बाद पद्धतीने होतात. जो हरला तो घरी गेला. ही पद्धत आयोजकांना सोयीची असते, कारण सामने कमी होतात आणि दोन-तीन दिवसांत निकाल लागतो. एखाद्या शहरात १६ शाळांनी प्रवेशिका भरल्या, तर एकूण १५ सामन्यांत विजेता ठरतो. विजेता चार सामने खेळतो. पण याच आकड्यांची दुसरी बाजू अशी, की आठ शाळांचा हंगाम पहिल्याच सामन्यात संपतो आणि आणखी चार शाळांचा दुसऱ्या सामन्यात. म्हणजे १६ पैकी १२ संघ वर्षभरात जास्तीत जास्त दोन स्पर्धात्मक सामने खेळतात.

याच १६ संघांचे चार गट करून साखळी सामने घेतले आणि गटविजेत्यांची उपांत्य फेरी खेळवली, तर एकूण २७ सामने होतील. प्रत्येक संघाला किमान तीन सामने मिळतील आणि विजेता पाच खेळेल. खर्च वाढेल, पंच अधिक लागतील, मैदान अधिक दिवस अडेल. पण पहिल्या सामन्यात गडबडलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी चूक सुधारण्याची संधीही मिळेल.

आता संपूर्ण शिडीचा हिशेब मांडून पाहावा. शहरात चार विजय, विभागातील सात-आठ संघांत तीन विजय आणि आठ विभागांच्या राज्य स्पर्धेत तीन विजय. म्हणजे राज्य विजेतेपदासाठी साधारण दहा सामने लागोपाठ जिंकावे लागतात. समजा, एखादा संघ इतका तयारीचा आहे की कोणत्याही सामन्यात तो जिंकण्याची शक्यता ८० टक्के आहे. तरीही असे दहा सामने सलग जिंकण्याची त्याची शक्यता ११ टक्क्यांच्या आसपासच येते. शहराचे चार सामने जिंकण्याची शक्यताही ४१ टक्केच. याचा अर्थ इतकाच, की उत्तम संघसुद्धा बहुतेक वर्षी हरतो. घसरलेला गोलरक्षक, पंचांचा एक निर्णय, चेंडूच्या वाटेत आलेले एक डबके यांपैकी काहीही पुरेसे असते. सामना बरोबरीत सुटला तर प्रत्येकी पाच पेनल्टी किक. सुमारे ११ मीटरवरून, ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच गोलजाळ्यासमोर पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा उभा राहतो आणि संघाचे वर्ष त्याच्या एका फटक्यावर ठरते. त्याने चेंडू बाहेर मारला म्हणून त्याला वर्षभर टोमणे मारणे हे गणित न समजल्याचे लक्षण होय.

महिन्याभराची तयारी

दुसरी अडचण दिनदर्शिकेची आहे. शाळा जूनच्या मध्यास उघडते आणि सुब्रतो चषकाच्या प्राथमिक फेऱ्या साधारणतः जुलैच्या आसपास होतात. अन्य शालेय स्पर्धा त्यानंतर पावसाळ्यातच सुरू होतात. म्हणजे उन्हाळी सुटीत सराव न करणाऱ्या शाळेला संघबांधणीसाठी जेमतेम महिना मिळतो. एवढ्या काळात अकरा मुलांना धावण्याची सवय लावता येते, पण एकमेकांच्या हालचाली ओळखण्याची सवय लागत नाही. बचावपटूने चेंडू अडवल्यावर मधल्या फळीतील मुलाने कोठे असावे, हे सांगून कळते. ते अंगवळणी पडायला मात्र कित्येक महिने जातात.

म्हणूनच स्पर्धांत सातत्याने पुढे जाणाऱ्या शाळांचा हंगाम जुलैमध्ये सुरू होत नाही. तो आदल्या वर्षीच्या पराभवानंतर लगेच सुरू होतो. पाचवी-सहावीतील मुले हेरली जातात, लहान मुलांना मोठ्या चेंडूऐवजी चार क्रमांकाचा चेंडू दिला जातो, सकाळी शाळा भरण्यापूर्वी तासभर सराव होतो आणि आठवी-नववीची मुले दहावीच्या मुलांबरोबर खेळून तयार होतात. दहावीतली फळी गेली तरी मागची फळी उभी असते. ज्या शाळेत ही साखळी एकदा तुटते, तेथे पुढील तीन-चार वर्षे संघ उभा राहत नाही.

सतरा वर्षांखालील गटात दहावीचा प्रश्न सर्वांत जटिल ठरतो. या गटातील संघाचा कणा नववी-दहावीतील मुलांचा असतो आणि नेमक्या त्याच वर्षी घरातून खेळ थांबवण्याचा आग्रह सुरू होतो. त्यात वयाच्या दाखल्यांची काटेकोर तपासणी होते आणि एका अपात्र खेळाडूमुळे संपूर्ण संघ बाद ठरू शकतो. त्यामुळे क्रीडाशिक्षकाला प्रशिक्षक, कारकून आणि पालकांची समजूत घालणारा मध्यस्थ अशा तिन्ही भूमिका एकट्यानेच वठवाव्या लागतात.

अलखपुऱ्याचा धडा

मोठ्या शहराचा आणि महागड्या अकादमीचा आधार नसलेली शाळा देशात अव्वल ठरू शकते काय, या प्रश्नाचे उत्तर हरियाणातील भिवानी जिल्ह्याने दिले आहे. तेथील अलखपुरा या खेड्यातील सरकारी शाळेच्या मुलींनी २०१५ आणि २०१६ असे सलग दोन वर्षे सुब्रतो चषकाचे विजेतेपद पटकावले. या गावाला फुटबॉलची कोणतीही जुनी परंपरा नव्हती. शाळेतील क्रीडाशिक्षक मूळचे कबड्डीचे. मुलांचा सराव सुरू असताना बाजूला बसलेल्या मुलींनी आपल्यालाही खेळायचे आहे असा हट्ट धरला आणि त्यांच्या हाती चेंडू आला. पुढे या गावातील संजू यादव भारतीय संघाची आघाडीची खेळाडू झाली.

या यशाचे रहस्य एखाद्या हंगामात शोधणे व्यर्थ आहे. चेंडू मिळाल्यापासून चषक हाती येईपर्यंत अनेक वर्षे गेली. मोठ्या मुलींना पाहून धाकट्या मैदानात आल्या, घराघरातून विरोध मावळत गेला आणि गावात खेळणाऱ्या मुलींची संख्या इतकी वाढली, की संघात जागा मिळवण्यासाठीच चुरस होऊ लागली. सलग दोन वर्षे जिंकणे हे या चुरशीचे फळ होते.

महाराष्ट्राकडे काय आहे?

महाराष्ट्राला फुटबॉल नवा नाही. मुंबईत रोव्हर्स चषक स्पर्धा १८९१ मध्ये सुरू झाली आणि मुंबई शालेय क्रीडा संघटना १८९३ ची. या संघटनेच्या साखळी व बाद पद्धतीच्या स्पर्धांमुळे मुंबईतील शाळांना शासकीय स्पर्धेव्यतिरिक्तही खेळण्याची संधी मिळते. कोल्हापुरात तर फुटबॉल पेठांच्या अस्मितेशी जोडलेला आहे. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार अशा तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात तेव्हा सारे शहर दोन रंगांत विभागले जाते. तेथील शाळकरी मुलाला घराच्या गल्लीतच आपला आदर्श खेळाडू भेटतो. नागपुरात हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडा प्राध्यापक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतील मुलांना घेऊन जे काम सुरू केले, त्यावर आधारित 'झुंड' हा नागराज मंजुळे यांचा चित्रपट २०२२ मध्ये आला.

ऑक्टोबर २०१७ मध्ये भारतात १७ वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा झाली. नवी मुंबईचे डी. वाय. पाटील स्टेडियम हे तिच्या सहा केंद्रांपैकी एक होते. त्याआधी १५ सप्टेंबरला राज्यभरात विद्यार्थ्यांना एकाच दिवशी फुटबॉल खेळवण्याचा मोठा उपक्रम शासनाने केला. भारताच्या २१ जणांच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला. याच संघातील नमित देशपांडे हा अमेरिकेत वाढलेला मराठी मुलगा. भारत तिन्ही सामने हरला. मात्र कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगने केलेला गोल हा कोणत्याही फिफा विश्वचषकातील भारताचा पहिला गोल ठरला.

त्या एका दिवशी लाखो मुलांनी चेंडूला पाय लावला, हे खरे. परंतु चेंडूला पाय लावणे आणि हंगाम खेळणे यांत मोठे अंतर आहे. वर्षातून दोन सामने खेळणाऱ्या शाळेला त्यानंतरही दोनच सामने मिळत असतील, तर उत्सवाने खेळाच्या व्यवस्थेत भर पडली असे म्हणता येणार नाही.

जपानमधील दुसरा दरवाजा

शालेय फुटबॉल गांभीर्याने घेतल्यास काय घडते, याचे ठळक उदाहरण जपान. तेथील अखिल जपान उच्च माध्यमिक शालेय फुटबॉल स्पर्धा शंभर वर्षांहून जुनी आहे. देशातील ४७ प्रांतांमधून प्रत्येकी एक आणि टोकियोतून दोन, असे ४८ शाळांचे संघ डिसेंबरच्या अखेरीस एकत्र येतात आणि नववर्षाच्या सुटीत बाद पद्धतीने खेळतात. अंतिम सामना टोकियोच्या राष्ट्रीय स्टेडियमवर होतो.

स्पर्धा बाद पद्धतीचीच, मग जपान आणि भारत यांत फरक कोणता? फरक उरलेल्या वर्षाचा आहे. २०११ पासून तेथे १८ वर्षांखालील संघांची वर्षभर चालणारी राष्ट्रीय लीग आहे आणि तिच्यात व्यावसायिक क्लबांचे युवा संघ व शाळांचे संघ एकमेकांविरुद्ध खेळतात. जपानसाठी २०१०, २०१४ आणि २०१८ अशा तीन विश्वचषकांत गोल करणाऱ्या केइसुके होंडाला गाम्बा ओसाका क्लबने युवा संघात घेतले नव्हते. तो कानाझावातील सेइर्यो शाळेत गेला, शालेय स्पर्धेची उपांत्य फेरी खेळला आणि तेथून व्यावसायिक फुटबॉलमध्ये पोहोचला. शुनसुके नाकामुराची वाटही अशीच शाळेतून गेली. क्लबने नाकारलेल्या मुलासाठी शाळा हा दुसरा दरवाजा ठरतो. आपल्याकडे जिल्ह्याच्या ठिकाणी वाढणाऱ्या बहुसंख्य मुलांसाठी शाळा हाच पहिला आणि बहुधा एकमेव दरवाजा असतो.

गुण, दाखला आणि नोकरी

पालकांच्या मनातील रोकडा प्रश्न असा, की या सगळ्यातून मिळते काय? राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना स्पर्धेचा स्तर व कामगिरी यांनुसार सवलतीचे गुण मिळतात. त्यांची कमाल मर्यादा २५ आहे. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, मात्र पदाच्या गटानुसार त्याचे निकष वेगवेगळे आहेत आणि दाखल्याची पडताळणी क्रीडा विभागाकडून करून घ्यावी लागते. त्यामुळे स्पर्धा मान्यताप्राप्त आहे काय, मुलाचे नाव प्रवेशिकेत अचूक नोंदले आहे काय आणि प्रमाणपत्र वेळेत मिळाले काय, हे पालकांनी त्या-त्या वर्षीच तपासणे हिताचे. खासगी निमंत्रित स्पर्धेतील मोठा चषक दिसायला देखणा असतो, पण सवलतीसाठी तो उपयोगी पडेलच असे नाही.

तथापि केवळ गुणांसाठी खेळणाऱ्या मुलांचा संघ फार काळ टिकत नाही, हेही तितकेच खरे. वर उल्लेखिलेले ११ टक्क्यांचे गणित पाहता बहुतेक मुलांना राज्यस्तरीय प्रमाणपत्र मिळणार नाही. त्यांच्यासाठी हंगामाचे मोल किती सामने खेळायला मिळाले, यावरच ठरणार.

उपाय आवाक्यातले

यासाठी नव्या स्टेडियमची वाट पाहण्याची गरज नाही. शहरातील आठ शाळांनी ठरवले आणि डिसेंबर ते फेब्रुवारी या कोरड्या महिन्यांत शनिवार-रविवारी आपसांत साखळी सामने घेतले, तर २८ सामन्यांत प्रत्येक शाळेला सात सामने मिळतात. आठवड्याला एक सामना धरला तर सात आठवड्यांत स्पर्धा पूर्ण होते. दहावीच्या मुलांना परीक्षेमुळे वगळले तरी हरकत नाही, उलट पुढील जुलैमध्ये खेळणारी आठवी-नववीची फळी त्यातूनच तयार होते. अहिल्यानगरात वाडिया पार्कचे जिल्हा क्रीडा संकुल आहे. लष्कराच्या मोठ्या छावणीमुळे खेळाची शिस्त या शहराला अपरिचित नाही. प्रश्न मैदानांच्या वेळापत्रकाचा, पंचांच्या मानधनाचा आणि शाळांनी एकमेकांशी बोलण्याचा आहे.

मुलींचा विचार तर त्याहून तातडीने व्हायला हवा. मुलींच्या गटात संघ कमी असतील तर एखादी शाळा एक-दोन सामने जिंकूनही विभागापर्यंत पोहोचते आणि तेथे तयारीच्या संघासमोर मोठ्या फरकाने हरते. हा पराभव मुलींच्या कुवतीचा नसून न मिळालेल्या सामन्यांचा असतो.

येत्या जूनमध्ये प्रवेशिका पुन्हा येतील. त्या भरताना शाळांनी मागील जूनपासून आपली मुले किती सामने खेळली, हा आकडा एकदा मोजावा. तो दोनच्या पुढे जात नसेल, तर जुलैमधील निकालाचे खापर मुलांच्या माथी फोडण्याचे कारण नाही.